धोंड्याच्या वाणात तांबडी

तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो आणि आमच्या वाईला घाटावर गर्दी वाढते, एवढाच माझा त्याच्याशी संबंध होता. घाटाजवळ माझं स्टेशनरीचं दुकान आहे. त्या महिन्यात पोथ्या आणि उदबत्त्या जरा जास्त खपतात. लग्न झाल्यावर कळलं की माझ्या सासुरवाडीला, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, या महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्याचा खरा मानकरी जावई असतो. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, अनारशांचं वाण देतात आणि त्या दिवशी जावयानं तोंडानं जे मागितलं त्याला नाही म्हणत नाहीत. म्हणून शहाणे जावई काही मागतच नाहीत. दोन हजार एक साली अधिक आश्विन आला तेव्हा मी मात्र मागणार होतो, आणि तेही बायकोच्या सांगण्यावरून.

मागायची होती सासऱ्यांची गाडी.

माझे सासरे, आप्पा, गुरांचे डॉक्टर. नोकरीतून निवृत्त झाले तरी गावोगाव बोलावणी येतच होती, आणि ते पंच्याऐंशी साली घेतलेल्या आपल्या लाल गाडीतून जातच होते. ती आठशे सीसीची, चार दारांची छोटी गाडी सगळ्या देशाला ठाऊक आहे. पण आप्पांची अगदी पहिल्या धाटणीची होती: नाक चौकोनी, चाकं बारक्या परातीएवढी, गिअर चार. नाव नोंदवून आप्पा इतकी वर्षं थांबले होते की नंबर लागला तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले. गाडीचं नाव ठेवलं तांबडी. गुरांच्या डॉक्टरला दुसरं काय सुचणार?

आता आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ते म्हणायचे, "अजून पिकला न्हाई." गेल्या दिवाळीत त्यांनी गाडी अंगणात घेताना तुळशीवृंदावनाला धडक दिली आणि वृंदावन बांधणाऱ्या गवंड्याला दोष दिला. माझी बायको मनीषा आणि नाशिकचा मेहुणा यांनी त्यांना समजावलं, रागावले, एकदा तर किल्लीच लपवून ठेवली. आप्पा दुसरी किल्ली बाळगून होते. शेवटी फोनवर ठरलं की जावयाला पुढे करायचं. धोंड्यात जावयानं गाडी मागितली तर आप्पांना द्यावीच लागेल.

"आणि ते कायमचे माझ्यावर रागावले तर?" मी विचारलं.

"रागावू दे की. कुणाच्या अंगावर गाडी घालण्यापेक्षा बरं," मनीषा म्हणाली.

भोकरदन

वाई ते भोकरदन हा प्रवास मी सांगत बसत नाही. नगरच्या पुढे मनीषाचा आणि माझा रस्त्यावरून वाद झाला, औरंगाबादच्या पुढे तो मिटला. आमची गाडीही त्याच जातीची होती, पण नवीकोरी: पांढरी, पाच गिअरची, चोक ओढायची भानगड नसलेली. ती दाखवायची मला कोण हौस.

आप्पा अंगणात आले. माझ्याकडे न बघता थेट गाडीकडे गेले आणि बाजारात कालवड बघावी तसे तिच्याभोवती फिरले. टपावरून हात फिरवला, चाकाला पायानं हलकं ढकललं, बॉनेट उघडायला लावलं आणि आत वाकून बराच वेळ वास घेतला. दिसत नव्हतं म्हणून वास घेत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

"आमची आल्ती तवा नाक चौकोनी व्हतं," ते म्हणाले. "मंग वरसा-दोन वरसात नाक उतरवलं. मंग दिवे गोल गरगरीत केले. आता गिअर वाढवला. पण आवाज त्योच हाय. तीन सिलिंडरचा. घराणं बराबर कळतं."

"चोक नाही आप्पा याला. किल्ली फिरवली की चालू."

"चोक न्हाई? मंग थंडीत तिला समजवायचं कसं?"

मी बॉनेट खाली घेतलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसर आमटी आणि शेंगदाण्याचा ठेचा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. पाहुणा अवेळी आला तरी त्याची आमटी चटकन होते. आमच्या वाईला अवेळी पाहुणा आला तर आधी दोन्ही बाजूंनी थोडं अवघडून घ्यावं लागतं. इकडे ती सोय नाही. मी चौथ्या भाकरीला नको म्हणालो तेव्हा सासूबाई, म्हणजे आई, इतक्या हिरमुसल्या की मी पाचवीही खाल्ली.

आमच्याकडे जावई दोन दिवस राहिला की तिसऱ्या दिवशी त्याला दळण आणायला पाठवतात. इकडे जावयाला देव मानतात आणि देवासारखंच जागचं हलू देत नाहीत. मी स्वतःचं ताट उचललं तर आईंनी ते हातातून काढून घेतलं आणि मनीषाकडे अशा नजरेनं पाहिलं की पोरीचं कसं होणार.

राजूर

दुसऱ्या दिवशी राजूरच्या गणपतीला निघालो. नवी गाडी आधी राजूरला नेल्याशिवाय इकडचं कुणी ती नवी मानतच नाही. मला वाटलं, आम्ही चौघं पांढरीत मावू. पण आप्पा म्हणाले, "तांबडीला घरी ठिवून तिच्या बहिणीची पूजा करायची? ते बरं दिसत न्हाई." म्हणून दोन गाड्या निघाल्या. पुढे तांबडी, तीत आप्पा आणि शेजारी आई. मागे आम्ही.

तांबडी तीसच्या वर जाईना. मी दोन मैल सहन केलं आणि मग उजवीकडचा दिवा लावला.

"काय करताय?" मनीषा म्हणाली.

"पुढे जातोय."

"सासऱ्याला ओलांडून? आपल्याकडं असं करत नसतात. सगळं भोकरदन याच रस्त्यावर असतंय."

मी दिवा बंद केला. आम्हाला एसटी ओलांडून गेली. ट्रॅक्टर ओलांडून गेला. दुधाचे कॅन बांधलेली एक लूना ओलांडून गेली, आणि त्यावरच्या माणसानं मागे वळून माझ्या नव्या गाडीकडे फार कळवळ्यानं पाहिलं. माझी पाच गिअरची गाडी तिसऱ्याच्या पुढे गेली नाही. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याच्या वर आली होती, मधूनमधून तूर. पण निसर्ग बघायला सुद्धा थोडा वेग लागतो असं माझं मत झालं.

मागून मला एकच गोष्ट दिसत होती. पुढच्या गाडीत आईंचं तोंड अखंड चालू होतं. हात कधी डावीकडे उठत होता, कधी उजवीकडे.

"आई कशावरून भांडतायत?"

"भांडत नाही. आईचं आपलं चालूच असतंय. आप्पांनी ऐकणं कधीच सोडलंय," मनीषा म्हणाली.

राजूरला देवळाखालच्या मोकळ्या जागेत गाड्या लावल्या. तिथं या एकाच गाडीचा अख्खा वंश उभा होता: निळ्या, पांढऱ्या, करड्या, नाक चौकोनी, नाक उतरतं, एकीच्या टपाला खाट बांधलेली. आमच्या शेजारच्या गाडीतून माणसं उतरायला लागली. आधी एक आजोबा, मग दोन बायका, मग पोरं, मग अजून एक बाई, तिच्या कडेवर बाळ. मला वाटलं संपलं. मग मागच्या सीटच्या पायथ्यातून एक तरणा माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी नीट केली. चालवणारे गृहस्थ सोपानराव, मोसंबीचे बागायतदार. मी तोंडाचा आ मिटत होतो तोवर ते म्हणाले, "तुम्ही दोघंच? येवढी गाडी मोकळी घेऊन फिरून राह्यले?"

"तुम्ही इतकी माणसं बसवता कशी?"

"बसवत न्हाई. एक एक बसतो आपला. हिला न्हाई म्हणता येत न्हाई, तोच हिचा गुण हाय. बिघडली तर गावचा सायकलवाला बी दुरुस्त करतो. दुसरी मोठी गाडी घेऊन बघितली. ती बंद पडली की औरंगाबादचा माणूस यायचा, नि त्याचं बिल बघितलं की आमचंच तोंड बंद."

पुजाऱ्यानं पांढरीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडल्यावर आप्पांनी खोबऱ्याचा तुकडा आधी तांबडीच्या बॉनेटवर ठेवला. आई माझ्या कानाशी म्हणाल्या, "मनात काय असंल ते मागून घ्या. राजूरचा गणपती जल्दी ऐकतो." मला वाटलं, यांना आमचं कारस्थान कळलं की काय. पण त्या लगेच मनीषाला पदर नीट घ्यायला सांगू लागल्या.

मी गणपतीला एवढंच सांगितलं की उद्या माझा आवाज फुटू दे.

जालन्यातून शहागडकडे

धोंड्याचं वाण गंगेच्या साक्षीनं द्यायचं असा आईंचा नेम होता. इकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. त्यासाठी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शहागडला जायचं होतं. आईंनी पहाटे उठून धोंडे उकडले, तुपात भिजवून डब्यात भरले आणि डबा मांडीवर घेऊन तांबडीत आपल्या जागेवर बसल्या.

मी पांढरीकडे निघालो तर आप्पांनी दंड धरला. "आज तुम्ही चालवायची न्हाई. धोंड्याचा जावई गाडी हाकत गेला तर लोक मला काय म्हणतील? मनीषा आणील ती. तुम्ही आमच्यात, मागं बसा."

मी मागे बसलो. सीटला अजून औषधांचा आणि थोडा वासरांचा वास होता. मनीषानं पांढरीतून मला हात केला. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. माझ्याही असावी.

गाडी गावाबाहेर पडली आणि आईंचं सुरू झालं.

"डाव्या अंगाला शेळ्या हायेत. बाई हाय मागं. गेल्या शेळ्या. समोरून टेम्पो येऊन राह्यला, लांब हाय अजून. आता जवळ आला. दाबा डावीकडं. गेला. सायकल. पुढं खड्डा, उजवीकून घ्या. बस झालं, सरळ."

"दिसून राह्यलंय मला," आप्पा म्हणायचे, आणि बरोबर उजवीकडून घ्यायचे.

पहिला अर्धा तास मला मनीषाचं म्हणणं पटलं. इतकं बोलणारं माणूस जन्मभर शेजारी असेल तर कुणीही तीसच्या वर जाणार नाही. जालना आलं. जालना सोने का पालना असं म्हणतात. माझ्या वाट्याला पाळणा तेवढा आला, कारण स्टेशनरोडच्या गर्दीत आईंच्या सूचना इतक्या भरभर सुटल्या की गाडी झुलतच बाहेर पडली.

अंबडच्या अलीकडे एका पुलाजवळ आप्पांनी, कुणी काही न सांगता, गाडी उजवीकडे घेतली.

"बुजवलाय तो," आई म्हणाल्या.

"काय बुजवतात? पाऊस पडला की पुन्हा उघडतो. मी पंधरा वरसं बघून राह्यलो त्या खड्ड्याला."

मी वाकून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध नवं डांबर तुकतुकीत काळं होतं. खड्डा नव्हता.

अंबडला आम्ही थांबून मोसंबी घेतली. तिथून निघाल्यावर, देवासारखं बसून राहण्याचा कंटाळा आला म्हणून मी एक मोसंबं सोललं आणि पुढे हात करून आईंना फोडी दिल्या. जावयानं दिलेलं नको कसं म्हणायचं? त्यांनी दोन फोडी एकदम तोंडात घातल्या.

गाडीत पहिल्यांदाच शांतता झाली. मला फार बरं वाटलं. मी बाहेर बघू लागलो, आणि मग समोर बघितलं.

रस्त्याच्या मधोमध म्हशींचा कळप उभा होता. एक तर आडवी बसून रवंथ करत होती. आप्पा निवांत तीसनं तिच्याकडे चालले होते. त्यांची नजर रस्त्यावरच होती. चेहऱ्यावर काही काळजी नव्हती. आईंनी एका हातानं डबा धरला होता, दुसऱ्यानं आप्पांच्या बाहीला हिसके देत होत्या, आणि तोंड भरलेलं. माझा आवाज, जो मी गणपतीकडे मागून घेतला होता, तो फुटेना.

आईंनी बियांसकट मोसंबं गिळलं. "म्हशी. म्हशी हायेत समोर. दाबा ब्रेक."

तांबडी थांबली तेव्हा म्हशीचं नाक बॉनेटला लागत होतं. तिनं काचेतून आप्पांकडे पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला. मागे मनीषाच्या गाडीची चाकं करकरली.

"पाहिली व्हती मी," आप्पा म्हणाले. "जाफराबादी हाय."

म्हैस आपली साधी गावठी होती. ज्या माणसानं उभा जन्म गुरं तपासली, त्याला हाताच्या अंतरावरची म्हैस ओळखता येत नव्हती. आईंनी पदरानं तोंड पुसलं, मागे वळून माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि पुन्हा समोर बघू लागल्या. "गेल्या म्हशी. चला. डाव्या अंगाला बाभळ हाय," त्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती बडबड नव्हतीच. गाडी आप्पा चालवत होते, पण बघत आई होत्या. भोकरदनपासून शहागडपर्यंतचा सगळा रस्ता त्या तोंडानं त्यांना वाचून दाखवत होत्या, आणि पोरांना वाटत होतं की आईला बोलल्याशिवाय राहवत नाही. मला त्यांची फार दया आली, आणि भीतीही वाटली. पुढच्या सगळ्या वाटेत मी त्यांना काही खायला दिलं नाही.

शहागड

शहागडला महामार्गावर ट्रकांची रांग, चहाची दुकानं, पंक्चरवाले. आणि खाली उतरलं की गंगा. पात्र रुंद, पाणी गढूळ आणि शांत. आमच्या वाईची कृष्णा घाटांच्या मध्ये अंग चोरून जाते. ही ऐसपैस पसरली होती. स्नानं झाली. मी काठावर घसरून नव्या धोतरासकट बसलो, त्यावर दोन अनोळखी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आईंनी त्यांनाही सांगितलं, "आमचे जावई हायेत. धोंड्याला आलेत."

लिंबाखाली सतरंजी घातली. आईंनी माझे पाय धुतले. ही चाल आमच्याकडेही आहे, पण आमच्याकडे ती उरकतात. इथं बोटाबोटामधून पाणी घालतात. मग धोंडे वाढले. पुरण मऊ, वरून तूप, आणि वेलदोडा इतका बेताचा की दुसरा खाल्ल्यावर कळावा. मी किती खाल्ले ते मनीषानं मोजलं असेल, मी मोजलं नाही. मग अनारशांचं ताट, त्यात दिवा आणि नवा पंचा, माझ्या पुढ्यात आलं.

"मागा जावईबापू," आप्पा म्हणाले. "काय इच्छा असंल ती."

मनीषानं माझ्याकडे पाहिलं. मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो, त्यात 'आपल्या आशीर्वादाने' असं काहीतरी होतं. ते सगळं विसरलं.

"तांबडी पाहिजे," मी म्हणालो.

आप्पा हसले. "तांबडी? घरी पांढरी असताना?"

"तांबडीच पाहिजे."

हसणं हळूहळू गेलं. त्यांनी मनीषाकडे तोंड केलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं. मोतीबिंदू डोळ्यांत होता, डोक्यात नव्हता. वर पुलावरून ट्रक जात होते. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार, मग रीत मोडणार आणि हे घर मला तुटणार. त्यापेक्षा घड्याळ मागितलं असतं तर बरं झालं असतं.

मग आप्पांनी आईंकडे मान वळवली. त्या कुठे बसल्यात ते त्यांना आवाजाशिवाय कळत नसावं, म्हणून जरा चुकीच्या दिशेला बघून त्यांनी विचारलं, "काय म्हणतीस?"

"द्या," आई म्हणाल्या.

"द्या?"

"वरीस झालं, मी गाडीत डोळा मिटला न्हाई. सारखं बोलून घसा दुखतो माझा. पोरांना वाटतं मी वटवट करून राह्यले. एक दिवस मला खोकला आला तर काय करणार हाव तुम्ही?"

मनीषाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिनं आईकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मंग सांगायचं न्हाई का?" आप्पा म्हणाले.

"तुम्ही विचारलं व्हतं का कधी? तुम्हाला तर सगळं दिसून राह्यलं व्हतं."

आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. किल्लीला वासराच्या गळ्यातलं बारकं घुंगरू बांधलेलं होतं. ती त्यांनी अनारशांवर ठेवली. मग दुसऱ्या खिशातून दुसरी किल्ली काढली आणि तीही ठेवली.

"थंडीत चोक अर्धाच ओढायचा," ते म्हणाले. "पुरा ओढला की रुसते."

"बरं."

"आता डोळ्यांचं बी होऊन जाऊ द्या," आई म्हणाल्या.

"बघू," आप्पा म्हणाले. ते पहिल्यांदाच 'पिकला नाही' म्हणाले नव्हते.

परत

परतताना तांबडी मी चालवली; वाण दिल्यावर जावई गाडी हाकू शकतो असा निर्णय आईंनी दिला. आप्पांनी पुढचं दार उघडलं, पण तिथं आई आधीच बसल्या होत्या. ती जागा त्यांची होती, आणि ती कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता. आप्पा मागे जाऊन बसले, सोललेल्या मोसंब्याच्या सालींमध्ये.

चार गिअर, जड स्टिअरिंग; गाडी हातात आल्यावर कळलं की ही तीसच्या वर जाऊ शकत होती, खुशाल गेली असती. पण मी गेलो नाही. महामार्ग सुटल्यावर थोड्याच वेळात आईंची मान कलली. त्या झोपल्या. तोंड उघडं, हात मांडीवरच्या रिकाम्या डब्यावर. मागे आरशात पांढरी दिसत होती. मनीषा ओलांडून पुढे जात नव्हती. पुढच्या गाडीत तिचे वडील होते.

अंबड मागे पडलं. मग माझ्या कानाशी श्वास लागला. आप्पा दोन सीटांच्या मधून पुढे वाकले होते. आईंना जाग येऊ नये म्हणून अगदी हळू, गुपित सांगावं तसे ते म्हणाले, "आता पूल येईल. पूल उतरला की खड्डा हाय. उजवीकून घ्या."

पूल उतरला. पुढे नवं डांबर होतं, सपाट, तुकतुकीत, त्यावर कुणाचं वाळत घातलेलं धान्यसुद्धा नव्हतं.

मी वेग कमी केला आणि गाडी उजवीकडून घेतली. आरशात पाहिलं, तर मागची पांढरीही उजवीकडूनच येत होती.

"बराबर," आप्पा म्हणाले, आणि मागे टेकून बसले.